कॉलेजचा क्यूबी ड्राफ्टआधी कसा जोखायचा? हात, आकडे की स्टार्ट?

चौथाडाउन (धागाकर्ता):

मंडळी, एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलची प्रो लीग) ड्राफ्ट, म्हणजे टीमनी कॉलेजची पोरं आळीपाळीने निवडायचा कार्यक्रम, तोंडावर आलाय आणि आमच्या ग्रुपमध्ये दरवर्षीप्रमाणे क्वार्टरबॅकची (क्यूबी, म्हणजे पास फेकून टीमचा हल्ला चालवणारा) क्रमवारी लावायचं काम सुरू झालंय. प्रत्येकाने आपली यादी लिहून द्यायची आणि तीन वर्षांनी ती काढून बघायची असा नियम आहे, त्यामुळे हवेत काहीतरी ठोकून देता येत नाही. माझं दोन पोरांवर अडलंय. नावं मुद्दाम घेत नाही, नाहीतर धागा लगेच या कॉलेजचे फॅन विरुद्ध त्या कॉलेजचे फॅन असा होऊन जाईल.

पहिला सहा फूट चार इंच, हात म्हणजे तोफ, पळतोही जबरदस्त, पण जेमतेम १३-१४ सामन्यांत स्टार्टर (सुरुवातीपासून खेळलेला) आणि कंप्लीशन (रिसीव्हरने झेललेले पास) ५५ टक्क्यांच्या आसपास. दुसरा चार वर्षं खेळलाय, मध्ये ट्रान्सफर पोर्टलमधून कॉलेज बदललं, कंप्लीशन ७० च्या वर, इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेले पास) अगदी कमी, पण हात मध्यम आणि निम्मे पास लाइन ऑफ स्क्रिमेजच्या (प्ले जिथून सुरू होतो ती रेषा) जवळपासच, स्क्रीन आणि छोटे स्लँट वगैरे सोपे पास.

इतिहास बघायला गेलो तर अजूनच गोंधळ. वायोमिंगचा जॉश ॲलन ५६ टक्केवाला, २०१८ ला सातव्या नंबरवर गेला आणि पुढे २०२४ चा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. अँथनी रिचर्डसन फ्लोरिडात १३ स्टार्ट, शेवटच्या सीझनला ५३.८ टक्के, कंबाइनला (ड्राफ्टआधीची शारीरिक चाचणी) उभ्या उडीत क्यूबींचा विक्रम, २०२३ ला चौथा उचलला गेला आणि २०२४ च्या एनएफएल सीझनमध्ये ४७.७ टक्के. कागदावर दोघं सख्खे भाऊ वाटतात. दुसऱ्या प्रकारातही तेच. मॅक जोन्सने अलाबामात ७७.४ टक्क्यांचा विक्रम केला, तो बो निक्सने ओरेगॉनमध्ये मोडला, आणि निक्सने पहिल्याच वर्षी ब्रॉन्कोजना प्लेऑफला नेलं तर जोन्सला पेट्रियट्सनी तीन सीझननंतर सोडून दिलं.

मग फिल्म बघताना नक्की कशावर डोळा ठेवायचा? आणि स्टार्ट किती झाले याला किती वजन द्यायचं? हायलाइट बघून बघून कंटाळा आलाय, त्यात सगळेच हॉल ऑफ फेमवाले दिसतात.

---

हॅशमार्क:

चांगला धागा. पहिली गोष्ट, हायलाइट बंद. प्रत्येक पोराचे चार सामने पूर्ण बघा आणि ते चार नीट निवडून घ्या, एक त्याने खेळलेल्या सगळ्यात भारी डिफेन्सविरुद्धचा, एक त्याचा सगळ्यात वाईट, एक बाहेरच्या मैदानावरचा आणि एक असा की ज्यात टीम मागे पडली होती आणि समोरच्याला माहितीये की आता पासच येणार. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. पुढे असताना प्ले-ॲक्शनवर (पळायचं नाटक करून टाकलेला पास) मोकळा रिसीव्हर सापडणं फार अवघड नसतं हो.

आता कॉलेजचं मैदान आणि नियम क्यूबीला किती मदत करतात ते आधी डोक्यात पक्कं बसवा. कॉलेजात दोन हॅश मार्कमध्ये (मैदानावरच्या खुणा, प्ले सुरू करताना बॉल त्यांवर किंवा त्यांच्या मध्येच ठेवतात) ४० फूट अंतर, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे कॉलेजात बॉल एका हॅशवर असला की एका बाजूला १०० फूट मैदान मोकळं पसरलेलं असतं, तिकडे नुसता बबल स्क्रीन टाकला तरी सात-आठ यार्ड पदरात. शिवाय पासच्या वेळी कॉलेजचे लाइनमन तीन यार्ड पुढे गेलेले चालतात, एनएफएलमध्ये एकच यार्ड, त्यामुळे आरपीओवर (पळायचं की पास टाकायचा हे क्यूबी ऐनवेळी ठरवतो तो प्ले) लाइनबॅकर (मधल्या फळीचा बचावपटू) जसा कॉलेजात पार फसतो तसा वर फसत नाही. तुमच्या दुसऱ्या पोराचे हे असले सगळे पास बाजूला काढून ठेवा आणि मग उरतं काय ते बघा. पण त्याच रुंद हॅशमुळे आपल्याला एक फायदाही होतो. बॉल डाव्या हॅशवर आणि पास उजव्या साइडलाइनवर आउट रूटला (रिसीव्हर बाहेरच्या बाजूला वळतो), हा पास शोधून बघा. तो बॉल हवेत बराच वेळ असतो, कॉर्नरला (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) तेवढी संधी मिळते, हात मध्यम असेल तर तिथे लपवता येत नाही. चार सामन्यांत एकदाही फेकला नसेल तर कोचलाच विश्वास नाही असं समजा.

मग डोळे. थर्ड डाउन (दहा यार्डसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसरा) आणि सात किंवा जास्त यार्ड, फक्त एवढेच प्ले काढून परत बघा. स्नॅपच्या (बॉल क्यूबीकडे येण्याच्या) आधी व्हिडिओ थांबवा, दोन्ही सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) कुठे उभे आहेत ते बघा, मग चालू करा, स्नॅपनंतर सेफ्टी जागा बदलतात तेव्हा हा पोरगा काय करतो? पहिल्या रिसीव्हरकडे टक लावून बसतो, की बघून, नाही म्हणून, दुसऱ्याकडे वळतो आणि पायही सोबत वळतात? पाय वळणं फार महत्त्वाचं, डोळे वळले आणि पाय जुन्याच दिशेला राहिले की बॉल मागे किंवा वर जाणार. आणि बॉल हातातून कधी सुटतो ते बघा, रिसीव्हर वळायच्या आधी की वळून मोकळा दिसल्यावर? कॉलेजात दिसल्यावर फेकून चालतं कारण मोकळा म्हणजे चार यार्ड मोकळा. एनएफएलमध्ये मोकळा म्हणजे अर्धं पाऊल पुढे.

एक उदाहरण देतो, सी. जे. स्ट्राउडवर २०२२ च्या पूर्ण सीझनभर एकच आक्षेप होता की ओहायो स्टेटचे रिसीव्हर भारी, लाइन भारी, स्वच्छ पॉकेटमध्ये (लाइनमननी राखलेल्या जागेत) उभा राहून फेकतो, प्ले मोडला की काय करेल माहीत नाही. ३१ डिसेंबरला पीच बोलमध्ये जॉर्जियाविरुद्ध, म्हणजे त्या वर्षीच्या सगळ्यात भारी टीमविरुद्ध, ३४८ यार्ड आणि ४ टचडाउन, आणि त्यातले कित्येक प्ले पॉकेटमधून निसटून केलेले. टीम ४२-४१ हरली. पण ज्याने तो एक सामना नीट बघितला त्याला उत्तर मिळालं होतं. ड्राफ्टच्या आधी त्याचा एस-टू टेस्टचा (पटकन निर्णय घेण्याची चाचणी) कमी स्कोअर बाहेर आला आणि परत सगळे घाबरले, आणि रुकी (पहिल्या) सीझनला पठ्ठ्याने ४१०८ यार्ड, २३ टचडाउन, फक्त ५ इंटरसेप्शन. म्हणून म्हणतो, सामना बघा.

---

थर्डअँडलाँग:

हॅशमार्क यांच्याशी बरीचशी सहमत पण आकड्यांना एवढं बाजूला सारू नका, चुकीचा आकडा बघितला की फसायला होतं, आकडा बघितल्यामुळे नाही. नुसतं कंप्लीशन मी पण बघत नाही. मी ते तोडून बघते, शून्य ते नऊ यार्डमध्ये किती, दहा ते एकोणीसमध्ये किती, त्याच्या पुढे किती. दहा ते एकोणीस यार्डचा पट्टा आणि त्यातही मैदानाच्या मधोमध, तिथेच एनएफएलच्या कोऑर्डिनेटरांचे (प्ले ठरवणारे कोच) बरेचसे पास असतात. स्क्रीनवर ९५ टक्के आणि या पट्ट्यात घसरगुंडी असेल तर ७० च्या वरच्या कंप्लीशनला अर्थ नाही.

आणि माझी दुसरी आवडती गोष्ट म्हणजे प्रेशर आल्यावर किती वेळा सॅक होतो (बॉल हातात असताना पाडला जातो) ती टक्केवारी. लोक सॅकचं खापर लाइनवर फोडतात पण कॉलेजातून वर येताना क्यूबीचे जे आकडे सगळ्यात कमी बदलतात त्यात हा एक आहे, कारण बॉल कधी सोडायचा हा निर्णय त्याचा असतो. प्रेशर आलं, बॉल टाकून दे, किंवा चेकडाउनला (जवळच्या सोप्या माणसाला) दे, किंवा पुढे पाऊल टाक. काही पोरांना प्रत्येक प्लेमध्ये हिरो व्हायचं असतं. सॅम हॉवेलला २०२३ मध्ये वॉशिंग्टनकडून ६५ सॅक, लीगमध्ये सगळ्यात जास्त.

स्टार्टबद्दल सांगायचं तर माझ्यासाठी २५ च्या खाली लाल झेंडा. मिच ट्रुबिस्की नॉर्थ कॅरोलायनात १३ स्टार्ट, २०१७ ला दुसरा, त्याच ड्राफ्टमध्ये माहोम्स दहावा आणि डेशॉन वॉटसन बारावा. ट्रे लान्स नॉर्थ डकोटा स्टेटमध्ये १७ स्टार्ट, त्यातही २०२० ला कोविडमुळे एकच सामना, तरी फोर्टी-नायनर्सनी पुढे येण्यासाठी पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक पण देऊन टाकले आणि २०२३ मध्ये तो चौथ्या फेरीच्या पिकसाठी डॅलसला गेला. त्याची जागा कोणी घेतली तर ब्रॉक पर्डी, २६२ वा, म्हणजे २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा पिक, पण आयोवा स्टेटमध्ये चार सीझन खेळून आलेला. त्याने सगळ्या प्रकारची डिफेन्स बघितलेली होती, मार खाल्लेला होता, सावरलेला होता. हे १३ सामन्यांत येत नाही, कितीही हुशार असू दे.

जास्त स्टार्टचा अजून एक फायदा म्हणजे तुम्हाला वाढ दिसते. जो बरो २०१८ ला ५७.८ टक्के, २०१९ ला ७६.३ टक्के, ६० टचडाउन ६ इंटरसेप्शन. जेडन डॅनियल्स ॲरिझोना स्टेटहून एलएसयूला आला तेव्हा कोणी पहिल्या फेरीत धरत नव्हतं आणि २०२३ ला हाइझमन (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) घेऊन गेला, मग वॉशिंग्टनला थेट एनएफसी चॅम्पियनशिपपर्यंत (सुपर बोलच्या एक पायरी आधी) नेलं पहिल्याच वर्षी.

---

जुना_हडल:

सगळं बरोबर पण तुम्ही लोक पोरालाच एवढं तपासताय, टीमला कोण तपासणार?

जॅरेड गॉफ २०१६ चा पहिला पिक, रुकी वर्षी ७ स्टार्ट आणि सातही हरला, सगळ्यांनी बस्ट (फुसका बार) म्हणून शिक्का मारला. पुढच्या वर्षी मॅकव्हे कोच म्हणून आला, २८ टचडाउन ७ इंटरसेप्शन, त्याच्या पुढच्या वर्षी सुपर बोल. पोरगा तोच, हात तोच. उलट मॅक जोन्स बघा, पहिल्या वर्षी कोऑर्डिनेटर जॉश मॅकडॅनियल्सच्या हाताखाली प्लेऑफ, प्रो बोल, मग मॅकडॅनियल्स रेडर्सकडे गेला आणि प्ले बोलवायचं काम बहुतेक कारकीर्द डिफेन्स बघितलेल्या मॅट पॅट्रिशियाकडे दिलं. पोरगं पेट्रियट्समध्ये मग सावरलंच नाही. म्हणून धागाकर्त्याने जो जोन्स विरुद्ध निक्स सवाल टाकलाय त्याचं माझं उत्तर फार छोटं आहे, निक्सला शॉन पेटनसारखा कोच मिळाला आणि निक्स टिकला.

माहोम्स पण २०१७ भर ॲलेक्स स्मिथच्या मागे बसला, शेवटचा एक सामना खेळला. तो त्याच वर्षी एखाद्या मोडक्या टीमकडे पहिल्या दिवसापासून उभा राहिला असता तर काय झालं असतं याचा मी बऱ्याचदा विचार करतो. २०१८ च्या वर्गातले बेकर मेफील्ड आणि सॅम डार्नल्ड घ्या, दोघांना पहिल्या टीमने टाकलं, आणि २०२४ मध्ये एकाने टँपा बेला ४१ टचडाउन फेकले आणि दुसऱ्याने मिनेसोटात १४ सामने जिंकले. मग २०१८ मधलं स्काउटिंग चुकलं होतं की त्यांना वापरणारे चुकले?

---

हॅशमार्क:

जुना_हडल, हे पटतं, पण क्रमवारी ड्राफ्टच्या आधी द्यायचीये ना, टीम कुठली हे तेव्हा माहीत नसतं. मी असं करतो की प्रत्येक नावासमोर एक ओळ लिहितो, याला चालायला काय लागेल. एखाद्याच्या समोर "काहीच नाही, कुठेही चालेल" असं लिहिता आलं तर तो वर. एखाद्याच्या समोर लिहावं लागतं की चांगली लाइन पाहिजे, एक वर्ष बाकावर पाहिजे, त्याच्या पळण्याभोवती ऑफेन्स बांधणारा कोऑर्डिनेटर पाहिजे, तर अटी जितक्या जास्त तितका तो खाली.

---

चौथाडाउन (धागाकर्ता):

ही अटींची ओळ आवडली, यादीत टाकतो. पण मला अजून एक सांगा, अचूकता शिकवता येते का? कारण पहिल्या पोराचं सगळं त्याच्यावरच आहे. ॲलनचं नाव घेऊन लोक दर वर्षी एक तरी तोफवाला पहिल्या फेरीत ढकलतात.

---

हॅशमार्क:

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करूनच बघायला पाहिजेत. एक म्हणजे पाय चुकल्यामुळे चुकलेला पास. पुढचा पाय जास्त लांब पडला, कंबर उघडलीच नाही, मागे पळता पळता फेकला, असे पास बघितलेत की कारण लगेच दिसतं आणि ते सुधारता येतं, वेळ लागतो पण येतं. दुसरं म्हणजे पाय बरोबर, पॉकेट स्वच्छ, रिसीव्हर दहा यार्डवर सरळ उभा आणि तरी बॉल त्याच्या गुडघ्यावर. याला कारण सापडत नाही आणि ज्याला कारण नाही त्यावर इलाजही नाही. पहिल्या पोराचे सगळे चुकलेले पास काढा आणि दोन ढीग करा. कोणता ढीग मोठा आहे त्यावर तुमचं उत्तर आहे.

ॲलनचा पहिला ढीग मोठा होता. आणि तरी बघा किती वेळ लागला, रुकी वर्षी ५२.८ टक्के, मग ५८.८, मग २०२० ला ६९.२. त्या दरम्यान तो ऑफ-सीझनला फेकण्याची पद्धत मुळापासून घासत होता, ब्रायन डेबल हाच कोऑर्डिनेटर सलग होता, आणि २०२० लाच स्टेफन डिग्ज आला. इतक्या गोष्टी एकाच वेळी जुळल्या. एवढी मोठी उडी दुसऱ्या कोणी मारल्याचं मला तरी आठवत नाही, म्हणून एका ॲलनवर नियम बांधू नका.

---

शॉटगन:

उंची आणि हाताचा पंजा यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. उंचीवर मी थोडाच थांबतो, पंजावर अजिबात नाही. बरोचा पंजा नऊ इंच भरला तेव्हा पण गवगवा झाला होता. कंबाइनचे आकडे दुखापतीची तपासणी सोडली तर क्यूबीसाठी मला फारसे कामाचे वाटत नाहीत, आणि ती मेडिकलची फाइल आपल्याला दिसत नाही, फक्त टीमला दिसते. मायकल पेनिक्सचं तेच होतं, इंडियानात ओळीने चार सीझन दुखापतीने संपले, मग वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीला दोन पूर्ण वर्षं धडधाकट खेळला तेव्हा कुठे २०२४ ला आठवा गेला.

लमार जॅक्सनला तर हॉल ऑफ फेममधले बिल पोलियनसारखे लोक रिसीव्हर हो म्हणत होते. हाइझमन जिंकलेला क्यूबी! त्या पोराने कंबाइनला फोर्टी (४० यार्ड) धावायलाच नकार दिला, मी क्यूबी आहे म्हणून, आणि ३२ व्या नंबरपर्यंत थांबला. २०१९ ला एकमताने एमव्हीपी, २०२३ ला परत. त्याची लुइव्हिलची फिल्म बघितली असती तर पॉकेटमधून मधल्या पट्ट्यात फेकलेले पास ढिगाने होते. लोक पळणंच बघत बसले.

---

थर्डअँडलाँग:

शॉटगन, लमारबद्दल शंभर टक्के.

सॅकबद्दल मी वर लिहिलं त्यात एक भर घालते, कारण तो आकडा आंधळेपणाने लावायचा नाही. केलब विल्यम्सला २०२४ मध्ये ६८ सॅक, आणि त्याच सीझनमध्ये बेअर्सनी आधी कोऑर्डिनेटर काढला मग हेड कोच. पुढच्या वर्षी बेन जॉन्सन आला, लाइनचा आतला भाग बदलला, आणि सॅक एकदम खाली. बरोला पण २०२१ मध्ये सगळ्यात जास्त सॅक होत्या आणि तो त्याच वर्षी सुपर बोल खेळला. उलट्या बाजूने पेनिक्स, त्याला शेवटच्या वर्षी सॅक फार कमी पण त्याच्या समोर देशातली सर्वोत्तम ठरलेली लाइन होती. तेव्हा आकड्यावरून प्रश्न तयार करायचा आणि उत्तर फिल्मवर शोधायचं, बॉल धरून ठेवतोय तो कुणी मोकळा नाही म्हणून की समोर मोकळा माणूस दिसत असून फेकायला घाबरतोय म्हणून. दुसरं असेल तर मी त्याला हात लावत नाही.

आणि वय बघा. तुमचा दुसरा पोरगा चार-पाच वर्षं खेळलाय म्हणजे २३-२४ चा असणार. २४ वर्षांच्या माणसाने १९ वर्षांच्या कॉर्नरला चकवलं तर त्याचं कौतुक थोडं कमीच करायचं. निक्स ६१ स्टार्ट करून आला होता, तेव्हाचा क्यूबींमधला विक्रम, तयार होता, पण तयार माणसाची वाढायची जागाही कमी असते.

---

चौथाडाउन (धागाकर्ता):

दोन दिवस बसून दोघांचे चार-चार सामने हॅशमार्क यांच्या पद्धतीने बघितले. पहिल्याच्या चुकांचे दोन ढीग केले, दुर्दैवाने दुसरा ढीग मोठा निघाला, स्वच्छ पॉकेटमधून सरळ उभ्या माणसाला बॉल डोक्यावरून. वाईट वाटलं कारण पळताना तो फार सुंदर दिसतो. दुसऱ्याचे स्क्रीन आणि आरपीओ काढून टाकले तर पास अर्ध्याहून कमी उरले, पण जे उरले त्यात दहा ते एकोणीसच्या पट्ट्यात वेळेवर फेकलेले बरेच आहेत, आणि मागे पडलेल्या सामन्यात ब्लिट्झच्या (जादा बचावपटू अंगावर धावून येतात) तोंडावर उभा राहून मार खाऊन फेकलेले दोन पास तर मी परत परत बघितले. लांबच्या साइडलाइनचा आउट रूट मात्र चारही सामन्यांत नाही म्हणजे नाही.

म्हणून दुसरा वर, पण अट लिहून: छतवाल्या मैदानावरची किंवा गरम हवेची टीम पाहिजे, वाऱ्यात हात कमी पडेल. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीची किंमत देतोय. पहिल्याला तिसरी फेरी आणि दोन वर्षं बाकावर.

---

जुना_हडल:

क्रम पटला, फेऱ्या नाही पटल्या. तुम्ही किंमत देताय ती फुटबॉलची, पण क्यूबीची किंमत त्या वर्षी किती टीम भुकेल्या आहेत त्यावर ठरते. २०२४ ला पहिल्या बारात सहा क्यूबी गेले. २०२२ ला पहिल्या फेरीत एकटा केनी पिकेट विसावा, त्याच्यानंतरचा क्यूबी थेट ७४ वा. शिवाय पहिल्या फेरीत घेतला की करार पाचव्या वर्षासाठी वाढवायचा ऑप्शन टीमच्या हातात राहतो, त्यामुळे दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीचा माणूस असेल तर कोणीतरी ट्रेड करून पहिल्याच्या शेवटी येतंच, रेव्हन्सनी लमारसाठी तेच केलं, ३२ व्यावर. ग्रुपच्या यादीत फेरी लिहायची असेल तर दोन रकाने करा, एक तुम्ही किती देणार आणि दुसरा तो खरंच कुठे जाणार.

---

चौथाडाउन (धागाकर्ता):

दोन रकाने करतो. तोफवाला तुमच्या दुसऱ्या रकान्यात पहिल्या फेरीत जाणार हे मलाही दिसतंय, माझा आकडा मात्र तिसरीच राहील. बाकी चार क्यूबींचे सामने अजून बघायचेत, त्यातल्या एकाला फक्त १५ स्टार्ट आहेत पण मधला पट्टा मस्त फेकतो, त्याची फिल्म झाली की इथेच लिहितो, थर्डअँडलाँग तुमचा लाल झेंडा तयार ठेवा.

---

थर्डअँडलाँग:

तयार आहे. त्या १५ मधल्या पहिल्या पाच आणि शेवटच्या पाच वेगळ्या काढून बघा, मधल्या पट्ट्याचे पास शेवटच्या पाचांत वाढले असतील तर मी झेंडा खाली घेईन.